दोन सारखे जिने

ओत्तोरीनो बेर्गोंझीच्या पोटात नेमकं कधीपासून दुखायला लागलं, हे त्याची बायको नीवेस तारखेनिशी सांगू शकली असती. मिलानच्या ऑफिसात मालकांच्या टेबलावर पुलाचं लाकडी मॉडेल मांडलं गेलं, तो दिवस. त्या संध्याकाळी ओत्तोरीनो घरी आला, सूपचा एक चमचा तोंडात घातला आणि बशी पुढे सरकवून म्हणाला की मीठ जास्त झालंय. नीवेसनं चव घेऊन पाहिली. मीठ अगदी बेताचं होतं.

मालकांचा धंदा बिस्किटांचा. पण बिस्किटं विकायची तर माणसं थांबली पाहिजेत, आणि महामार्गावर गाडी घेऊन निघालेला माणूस सहजासहजी थांबत नाही, हे त्यांनी दुसरं महायुद्ध संपल्यावर लवकरच ओळखलं होतं. म्हणून त्यांनी रस्त्याकडेला थांबे बांधायला घेतले. पहिला थांबा म्हणजे पेट्रोलचा पंप, शेजारी पत्र्याची शेड आणि आत एक कॉफीचं मशीन. ती शेड ओत्तोरीनोनं बांधली. पुढची अकरा वर्षं जे जे उभं राहिलं, ते त्याच्याच हाताखालून गेलं. तो जेओमेत्रा. म्हणजे आर्किटेक्टच्या खालचा आणि ओव्हरसियरच्या वरचा. आमच्याकडे ह्या पदवीच्या माणसाला लोक रस्त्यात टोपी काढून नमस्कार करतात आणि जेवायला मात्र आर्किटेक्टला बोलावतात.

ह्या माणसाला थांब्यांतलं जे कळत होतं ते कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. हातात घड्याळ घेऊन तो महिनोन्महिने कॉफीच्या काउंटरपाशी उभा राहिला होता. ड्रायव्हर दारातून आत येतो, आधी गल्ल्यावर पैसे देतो, चिठ्ठी घेऊन काउंटरला येतो, उभ्याउभ्या कॉफी पितो आणि सत्तर सेकंदांत बाहेर पडतो. म्हणून गल्ला दारालगत हवा आणि काउंटर वळणाचा हवा, म्हणजे येणारा जाणाऱ्याला धडकत नाही. आणि सगळ्यांत मुख्य, कॉफी पिताना माणसाला काचेतून आपली गाडी दिसली पाहिजे. गाडी दिसेनाशी झाली की त्याचा जीव कपात राहत नाही. लाँगोनेचा थांबा ओत्तोरीनोनं ह्या हिशेबानं बांधला होता आणि तिथे कधी चेंगराचेंगरी झाली नाही. पण चेंगराचेंगरी न झाल्याबद्दल कुणी कुणाचा फोटो छापत नाही.

फोटो छापून आला तो आर्किटेक्ट फाउस्तो रेदाएल्लीचा. वय वर्षं चौतीस, पांढरेशुभ्र शर्ट, केस मागे वळवलेले. रस्त्याच्या कडेला कशाला, रस्त्याच्या वरच थांबा बांधू, ही कल्पना त्याची. मिलानकडे जाणारे ह्या बाजूनं वर येतील, बोलोन्याकडे जाणारे त्या बाजूनं, आणि सगळे मिळून अधांतरी बसून जेवतील, खालून गाड्या धावताहेत. मालकांना मॉडेल दाखवताना त्यानं वर ठेवलेल्या चिमुकल्या टेबलांकडे बोट दाखवलं तेव्हा मालक लहान पोरासारखे वाकून बघत राहिले. मग त्यांनी रेदाएल्लीच्या खांद्यावर हात ठेवला. अकरा वर्षांत ओत्तोरीनोच्या खांद्यावर तो हात एकदाही पडला नव्हता. कानामागून आला आणि तिखट झाला, असं ओत्तोरीनो मनात म्हणाला, आणि त्या दिवसापासून त्या माणसाला पाण्यात पाहू लागला.

एकदा असं पाहायला लागलं की सगळंच खुपतं. रेदाएल्लीची पेन्सिल खुपायची, त्याचं शिट्टी वाजवत जिना चढणं खुपायचं. तो सगळ्यांशी गोड बोलायचा, ते तर फारच खुपायचं, कारण उद्धट असता तर निदान त्याला शिव्या देता आल्या असत्या. घरी नीवेसनं मासिकातलं पुलाचं चित्र कापून स्वयंपाकघरात टाचलं. ओत्तोरीनोनं ते काढलं. तिनं पुन्हा लावलं आणि म्हणाली, "रीनो, तूही राबतोयस ना त्यावर? मग ते तुझंही आहे." त्यावर तो म्हणाला की आयत्या बिळावर नागोबा बसतो तेव्हा बीळ कुणी खणलं हे मासिकात लिहीत नाहीत. नीवेसनं चित्र तिथेच राहू दिलं.

कंपनीचा एक नियम होता. कुठलाही नकाशा बेर्गोंझीच्या सहीशिवाय कामावर जायचा नाही. कागद मालकांच्या भाच्याचा असो की मिलानच्या आर्किटेक्टचा, खाली कोपऱ्यात 'पाहिला, योग्य' आणि ओत्तोरीनोची सही पडलीच पाहिजे. फेब्रुवारीत पुलाचे नकाशे त्याच्या टेबलावर आले. त्यानं ते नेहमीच्या पद्धतीनं तपासले. म्हणजे कागदावर बोट ठेवून तो स्वतः गिऱ्हाईक व्हायचा. आता मी पार्माहून निघालोय, मिलानला चाललोय. गाडी लावली. जिना चढलो. समोर गोल स्वयंपाकघर, त्याच्या काचेतून हॅम लटकलेले दिसताहेत, केक दिसताहेत, बघत बघत वळसा घातला. टेबल मिळालं. तोर्तेल्ली खाल्ले, वाइन घेतली. बिल देऊन निघालो, पुन्हा अर्धा वळसा, जिना उतरलो.

बोट बोलोन्याच्या बाजूला उतरलं होतं.

त्यानं पुन्हा केलं. पाच वेळांपैकी दोनदा चुकला, तेही स्वतः, अकरा वर्षांच्या अनुभवानं. दोन्ही जिने हुबेहूब सारखे. तीच फरशी, तोच कठडा, तेच पितळी दिवे. आर्किटेक्टनं मोठ्या हौसेनं सगळं समान राखलं होतं. वरून गाड्या दिसणार होत्या हजार, पण आपली तेवढी दिसणार नव्हती, कारण उभ्या गाड्या पुलाच्या दोन्ही टोकांपाशी, छपरांच्या आड. बाहेर बघून अंदाज घ्यावा तर आमचा मुलूख असा सपाट की ह्या बाजूला मका आणि पॉपलरची झाडं, त्या बाजूलाही मका आणि पॉपलरचीच झाडं. त्यात धुकं पडलं की विचारूच नका.

उपाय दहा मिनिटांचा होता. एका जिन्याला तांबडी फरशी, दुसऱ्याला हिरवी, आणि माथ्यावर हातभर अक्षरांत गावांची नावं. ओत्तोरीनोनं तांबडी पेन्सिल उचललीसुद्धा. तेवढ्यात दार उघडलं आणि मालक आत आले, बरोबर रेदाएल्ली, आणि मालकांचा हात त्याच्या खांद्यावर. मालक म्हणाले, "काय बेर्गोंझी, झालं का? तुमच्यापुरतं फक्त सहीचंच काम राहिलंय."

फक्त सहीचंच. ओत्तोरीनोच्या अंगाचा तिळपापड झाला. पण तो मूग गिळून बसला. त्यानं तांबडी पेन्सिल खाली ठेवली, पेन घेतलं, 'पाहिला, योग्य' लिहिलं आणि सही केली. रेदाएल्लीनं त्याला विचारलं की काही खटकलं का. मनापासून विचारलं होतं त्यानं. ओत्तोरीनो म्हणाला की छे, सुंदर आहे. नकाशे घेऊन ते दोघे वर मालकांच्या खोलीत गेले.

मी त्याची बाजू घेत नाही. पण एवढं सांगतो की त्याच्या मनात फजितीपलीकडे काही नव्हतं. लोक चुकतील, हसतील, मालकांचं तोंड उतरेल, आणि मग ते म्हणतील, बेर्गोंझी, आता तुम्हीच बघा. ह्या एका वाक्यासाठी तो आठ महिने थांबला. पूल चढत गेला, काचा बसल्या, आणि तो कामावर रोज जाऊन दोन्ही जिन्यांवर तीच राखाडी फरशी स्वतः उभं राहून बसवून घेत होता. जिवाला चैन नव्हती, पण चैन नसण्यातही एक गोडी होती.

उद्घाटन ऑक्टोबरमधल्या एका रविवारी झालं. बिशपनी पाणी शिंपडलं, बँड वाजला, आणि मग आसपासच्या वीस गावांनी पुलावर धाड घातली. कुणालाच कुठे जायचं नव्हतं. लोक ठेवणीतले कपडे घालून, आज्या-नातवंडं गाडीत कोंबून महामार्गावर शिरले होते ते फक्त पुलावर जेवायला आणि खालच्या गाड्या बघायला. ओत्तोरीनो आणि नीवेसला खिडकीजवळचं टेबल मिळालं. नीवेसनं नवी हॅट घातली होती. ती एकेक गाडी पायांखालून जाताना बघायची आणि त्याच्या बाहीला हात लावायची. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण त्यानं बांधलेल्या कुठल्याही भिंतीकडे तिनं असं बघितल्याचं त्याला आठवेना.

रेदाएल्ली त्यांच्या टेबलाशी आला. नीवेसशी हात मिळवताना तो किंचित वाकला, तर ती लाजली. ओत्तोरीनोला तोर्तेल्ली गिळवेनात. ती म्हणाली की आमच्या सपाट मुलखात इतकं उंच बसायला पहिल्यांदाच मिळालं. रेदाएल्ली हसून म्हणाला, "मी कोमोच्या सरोवराकाठचा. आमच्याकडे डोळे मिटून फिरलं तरी चालतं, डोंगर कायम एकाच बाजूला असतो. इथे मात्र आल्यापासून मी दिशा विचारत फिरतो." ओत्तोरीनोनं मान वर केली. म्हणजे ह्याला दिसलं नव्हतं ते ह्यामुळे. डोंगरात वाढलेल्या माणसाला जिन्यावर पाटी लावायचं सुचतच नाही. हे सपाटीवरच्या माणसानंच सांगायचं असतं, आणि इथे सपाटीवरचा माणूस तोच एक होता. क्षणभर त्याला वाटलं की आत्ता सांगावं. मग रेदाएल्लीनं नीवेसच्या हॅटचं कौतुक केलं आणि ते राहून गेलं.

अडीच वाजता पहिला माणूस घामाघूम होऊन परत वर आला. गावचा नोटरी होता. त्याची गाडी चोरीला गेली होती. पाठोपाठ एक डॉक्टर, मग एक नवरा-बायको, तीही एकमेकांवर खेकसत, कारण किल्ली गाडीलाच कुणी लावून ठेवली ह्यावर वाद होता. तीन वाजेपर्यंत सात गाड्या चोरीला गेल्या. उद्घाटनाच्या बंदोबस्ताला आलेल्या पोलीस हवालदारानं वही काढून तक्रारी लिहून घ्यायला सुरुवात केली. एका दुपारी, पोलिसांच्या नाकासमोर, सात चोऱ्या. मग तो पाय मोकळे करायला पलीकडच्या बाजूला उतरला, तर साती गाड्या तिथे ओळीनं उभ्या.

सगळा पूल हसला. नोटरीला लोक अजून त्यावरून छळतात. मालकांचा चेहरा बिटासारखा झाला आणि ते रेदाएल्लीकडे बघून काहीतरी ओठांतल्या ओठांत बोलले. ओत्तोरीनोला आतून उकळ्या फुटत होत्या. त्यानं आणखी एक ग्लास लाम्ब्रुस्को वाइन मागवली. रेदाएल्ली पांढरा पडला होता. तो जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागला की तुम्ही कुठून आलात, कुठे जाणार, आणि हातानं दिशा दाखवू लागला. दोन जिने, आणि विचारणारा एकटा.

नीवेस म्हणाली, "रीनो, तू हसतोयस."

"सगळेच हसतायत."

"सगळ्यांचं वेगळं. तुला हे माहीत होतं का?"

त्यानं ग्लास तोंडाला लावला आणि खिडकीबाहेर बघितलं. रस्त्याच्या मधोमध, जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांच्या मध्ये लावलेल्या गुडघाभर झुडपांत, त्याला एक काळी हॅट दिसली.

तो आन्सेल्मो होता. सान रोक्को गावचा चीज करणारा, ऐंशीला टेकलेला. मुलगा-सून बिल देईपर्यंत गाडीपाशी जाऊन बसतो म्हणून एकटाच पुढे उतरला होता, ज्या जिन्याच्या तोंडाशी त्या वेळी विचारायला कुणी नव्हतं त्या जिन्यानं. खाली गाडी नव्हती. पण त्याचे डोळे चांगले होते. रस्त्यापलीकडे आपली करडी फियाट त्यानं बरोब्बर ओळखली. आणि जन्मभर रस्ता ओलांडायचा तसा त्यानं तो ओलांडायला घेतला. अर्धा ओलांडून झालाही होता.

ओत्तोरीनोनं काचेवर मूठ मारली. काच उघडणारी नव्हती. आत थंड-गरम हवेचं यंत्र होतं म्हणून सगळ्या काचा कायमच्या बंद, आणि ह्या नकाशावरही त्याचीच सही होती. तो ओरडला, तर आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक त्याच्याकडे बघायला लागले. आन्सेल्मोनं झुडपातून पाय काढून डांबरावर ठेवला. तेवढ्यात, म्हातारा दिसताच, पलीकडच्या जिन्यावरून पांढरा शर्ट धावत खाली आला, रस्त्यात घुसला आणि त्यानं म्हाताऱ्याला दोन्ही हातांनी मागे ढकललं. ट्रकचा ब्रेक वर पुलावरसुद्धा ऐकू आला. म्हातारा झुडपात पडला, हॅट तेवढी चिरडली. रेदाएल्लीला ट्रकच्या आरशाच्या दांड्यानं उडवलं. उजव्या हाताची दोन हाडं आणि खांद्याचं एक मोडलं.

नीवेसनं हॅट काढून टेबलावर ठेवली.

पुढच्या तीन दिवसांत जे झालं ते ओत्तोरीनोला सगळ्यांत जड गेलं. वर्तमानपत्रांत जिन्यांबद्दल चार ओळी आल्या आणि आर्किटेक्टच्या धाडसाबद्दल अर्धं पान. आन्सेल्मोच्या सुनेनं दवाखान्यात चीजचं अख्खं चाक पाठवलं. फजिती म्हणून जे त्यानं आठ महिने जपलं होतं, त्याचा त्या माणसाच्या गळ्यात हार झाला. आपल्यामुळे एक म्हातारा मरता मरता वाचला ह्याची शरम वाटत होती, खरोखर वाटत होती, रात्री तो दचकून उठत होता. पण त्या शरमेच्या खाली जुनी जळजळ तशीच होती. ह्याचा हात मोडला, तर तोही पेपरात आला. असला विचार मनात येतो म्हणून त्याला स्वतःची किळस आली, तरी विचार येतच राहिला.

बुधवारी मालकांनी त्याला बोलावून सांगितलं की जिन्यांना रंग द्यायचे, नावं लावायची, आर्किटेक्टना विचारून काम सुरू करा. ज्या वाक्यासाठी तो थांबला होता ते जवळजवळ हेच होतं. ऐकताना त्याला काहीच वाटलं नाही. तो पार्माच्या दवाखान्यात गेला.

रेदाएल्ली उशांना टेकून बसला होता, हात प्लास्टरमध्ये. बेर्गोंझीला बघून त्याचा चेहरा उजळला. त्यानं खुर्ची दाखवली आणि बोलायलाच लागला. तीन दिवस तो मनातल्या मनात तोच जिना चढतोय आणि उतरतोय म्हणाला. नकाशे मालकांनी पाहिले, इंजिनियरनं पाहिले, महामार्गाच्या खात्यानं पाहिले.

"इतक्या लोकांनी पाहिले," तो म्हणाला, "आणि कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?"

उत्तर सोपं होतं आणि ओत्तोरीनो ते घोकून आला होता. कुणाच्याच आलं नसतं, आर्किटेक्टसाहेब, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. पण ते तोंडातून निघेना. पश्चात्तापानं अडलं असं म्हणायला मला आवडलं असतं. अडलं ते 'कुणाच्याच' ह्या शब्दापाशी. त्या शब्दात तो स्वतःही मोडत होता, आणि ते त्याला सोसवलं नाही.

"माझ्या आलं होतं," तो म्हणाला.

"कधी?"

"फेब्रुवारीत. नकाशा तपासताना. पाचात दोनदा चुकलो मी."

रेदाएल्लीनं हळू आवाजात विचारलं, "मग?"

"मग सही केली."

बाहेरच्या व्हरांड्यात नन औषधांची गाडी ढकलत नेत होती. ओत्तोरीनो वाट बघत होता की आता हा ओरडेल, हाकलून देईल, मालकांना बोलावेल. त्यातलं काहीही झालं असतं तरी त्याला सोपं गेलं असतं.

"त्या दिवशी तुमच्याकडून वर गेल्यावर," रेदाएल्ली म्हणाला, "मालक म्हणत होते की तुरीनच्या एका बड्या इंजिनियरकडूनही नकाशे तपासून घेऊ. काम नवीन आहे, कुणी असलं बांधलेलं नाही. मी म्हटलं, काही गरज नाही. बेर्गोंझींची सही आहे. थांब्यांतलं त्यांच्याइतकं इटलीत कुणाला कळत नाही, मलाही नाही. मालक म्हणाले, हे मात्र खरं."

एवढं बोलून त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं.

ओत्तोरीनो टोपी हातात धरून बसून राहिला. अकरा वर्षं त्याला हे ऐकायचं होतं, ह्याच शब्दांत, मालकांसमोर. ते बोललं गेलं होतं, मालकांनी मान्यही केलं होतं, आणि त्या वेळी तो खालच्या मजल्यावर आपल्या टेबलाशी बसून, आता ह्यांची कशी फजिती होते बघू, म्हणून मनातल्या मनात हसत होता.